वेगळा डबा

अकोल्याच्या त्या सर्जननं माझ्या बेंबीवर दोन बोटं दाबली, मला खोकायला सांगितलं, बोटं तशीच ठेवून पुन्हा खोकायला सांगितलं, आणि मग हात धुता धुता विचारलं, "बाई, तुम्ही जेवता किती?"

मी तेव्हा अमरावतीला मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. साठ-एकसष्टचा काळ असेल. वय तिशीला टेकलं होतं, लग्न झालेलं नव्हतं. पोटावरची गाठ महिनाभर पदराखाली लपवून शेवटी एक दिवसाची रजा टाकली आणि गुपचूप अकोल्याला गेले. अमरावतीत डॉक्टर नव्हते असं नाही. पण तिथं मी दवाखान्याची पायरी चढले असते तर ती बातमी माझ्या आधी घरी पोचली असती.

"हर्निया आहे," डॉक्टर म्हणाले. "कापून शिवावा लागेल. पण आज नाही. अंगावर चरबी फार आहे तुमच्या. शिवलेलं टिकणार नाही, आणि भूल दिली तर त्यातून तुम्ही उठालच असं मी लिहून देणार नाही. निदान तीस पौंड उतरवा, मग या."

"आणि तोवर?"

"तोवर आतडं त्यात अडकू देऊ नका."

जसं काही मी ते मुद्दाम अडकवणार होते! अडकलं तर काय होतं, मी विचारलं. त्यांनी सरळ सांगून टाकलं. गाठ टणक होईल, दाबून आत जाणार नाही, उलट्या सुरू होतील. मग वजन बघायला वेळ नसतो, माणूस असेल तसा टेबलावर घ्यावा लागतो. आणि उशीर झाला तर? यावर त्यांनी टॉवेल खुंटीला अडकवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

परतताना आगगाडीत बडनेऱ्यापर्यंत मी पदराखाली बेंबीवर हात ठेवून बसले होते. समोरच्या बाईनं पेरू कापून अर्धा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला, आणि खाऊन झाल्यावर घाबरले.

घरी का सांगायचं नव्हतं, ते सांगते. माझे वडील जिनिंगमध्ये हमाल होते. रुईच्या गठाणी पाठीवर वाहायचे. त्यांच्या जांघेत अशीच गाठ होती. रोज सकाळी ते ती हातानं आत ढकलायचे आणि कामाला जायचे. एक दिवस ती आत गेली नाही. गावाहून अमरावतीला आणायला बैलगाडी मिळेपर्यंत दुपार झाली, आणि गाडी शहरात शिरायच्या आधीच ते गेले. मी लहान होते, गाडीत त्यांच्या पायाशी बसले होते. ते ओरडत होते तोवर मला भीती वाटली नव्हती. ते गप्प झाले तेव्हा वाटली.

त्यानंतर मायनं लोकांच्या वावरात कापूस वेचून मला वाढवलं, वसतिगृहात घातलं, शिकवलं. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली आणि आल्या आल्या म्हणाली, आता तू मास्तरीण व्हाचं. मी झाले. आम्ही दोघी अमरावतीत एका खोलीत राहत होतो आणि घरात येणारा पगार एकच होता, माझा. मी गेले असते तर मायला म्हातारपणी पुन्हा कापूस वेचायला जावं लागलं असतं. माझ्या भीतीच्या बुडाशी हे होतं, मरणाची भीती त्याच्या वर होती. आणि 'गाठ' हा शब्द ऐकूनच माय अंथरूण धरेल, याची मला खात्री होती.

शिवाय माझं जाड असणं ही मायची कमाई होती. तिनं कितीतरी दिवस पाण्यात तिखट-मीठ कालवून त्यात भाकर बुडवून काढले होते. आता ती गल्लीतल्या बायांना माझा दंड धरून दाखवायची. "पाहा, माई पोरगी कशी भरली!" अशा बाईसमोर अर्धी भाकरी ठेवून उठायचं म्हणजे चोरी करण्याइतकं अवघड. मी अर्धी भाकरी पदरात लपवायची आणि बाहेर गाईला घालायची. माय दुसऱ्या दिवशी भाकरी अजून जाड थापायची.

मी पहिल्यांदा सांगितलं ते समोरच्या खोलीतल्या मैत्रिणीला. ती वसतिगृहापासूनची, आमच्याच समाजातली. लग्न होऊन योगायोगानं समोरच राहायला आली होती. मनानं फार चांगली, जोरात हसणारी, आल्यागेल्याच्या हातात बशी ठेवल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. तिनं माझं ऐकलं, मला मिठी मारून रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "त्या डाक्तरचं काय आयकतं वं? लोकाईले भेव दाखवाची सवयच असते त्याईले. एका आलुबोंड्यानं कोनी मरते का?" आणि आलुबोंडा पुढं केला.

तिच्याजवळ बसलं की माझी भीती जायची. आणि भीती गेली की मी जेवायची. हे माझ्या लक्षात यायला दोन-तीन महिने गेले.

शाळेतली मैत्रीण अगदी वेगळ्या घरची. वलगावच्या पुढं तिच्या वडिलांची काळी जमीन होती, कपाशी-ज्वारीची. ती अमरावतीत नातेवाइकांकडे राहायची आणि गणित शिकवायची. काटकुळी, कमी बोलणारी, चेहरा कायम परीक्षेच्या दिवशी असतो तसा. मी शाळेत रुजू झाले तेव्हा शिक्षिकांच्या खोलीत पाण्याचा एक पेला खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. तो माझा, असं कोणी म्हटलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. हिनं एक दिवस सर्वांदेखत तोच पेला उचलला, पाणी पिऊन पालथा घातला आणि आपल्या जागी जाऊन वह्या तपासायला बसली. त्या दिवसापासून आम्ही एका डब्यात जेवायला लागलो. तिच्या घरी हे ठाऊक नव्हतं.

अकोल्याहून आल्यावर मी तिच्या डब्यात हात घालणं बंद केलं. पोट बरं नाही, म्हणायची. आठवडाभर हे कारण चाललं. मग एक दिवस शाळा सुटल्यावर तिनं मला रांजणाजवळ गाठलं.

"सांग मले, माया घरची भाकर आता बाटली का तुले? तुमच्या लोकाईत ठरलं का तसं?"

माझ्या सात पिढ्यांत हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. मला हसू फुटलं. तिला वाटलं मी तिला हसते आहे, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मी तिचा हात धरला आणि लुगड्यावरूनच त्या गाठीवर ठेवला. सगळं सांगितलं. वडिलांचंही.

तिनं मला मिठी मारली नाही. काही होणार नाही, असंही म्हणाली नाही. तिचा चेहरा पांढरा पडत गेला, आणि ती म्हणाली, "अडकली तं काय कराचं?"

"अकोल्याले जाचं."

"कायनं जाचं? गाडी नसन तवा?"

हा विचार मी केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत तिनं आपला डबा उचलला आणि पलीकडच्या खिडकीत, माझ्याकडे पाठ करून बसली. सकाळीच तिनं मला सांगून ठेवलं होतं. "एका डब्यात कोन किती खाल्लं, समजत नाई. तू वेगळी बस. आन मी खाताना माया डब्याकडे पाहू नको." तिच्या डब्यात तेल सुटलेलं भरीत असायचं, त्याचा वास खोलीभर यायचा. मी माझ्या चतकोर भाकरीकडे आणि तिच्या पाठीकडे बघत जेवायची.

मग दोन-तीन दिवसांनी सर्वांत ज्येष्ठ बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "बरं झालं हो. ज्याचं त्याचं वेगळंच बरं असतं."

मी एवढ्या झटक्यात उठले की खुर्ची पडली. जीभ वळवळत होती. पण या बाई आमच्या शेजारच्याच गल्लीत राहायच्या. मी खरं कारण सांगितलं असतं तर संध्याकाळी मायच्या कानावर गेलं असतं. मी खुर्ची उचलली आणि खाली बसले. खिडकीतली पाठ हलली नाही, फक्त मान लाल झालेली दिसली. तिच्यावर जात पाळल्याचा ठपका आला, माझ्यावर जागा दाखवून घेतल्याचा, आणि आम्ही दोघींनी तो मुकाट्यानं गिळला. समोरची मैत्रीणही म्हणाली, "पाह्यलं? शेवटी दाखवलीच तिनं आपली जात." खरं कारण सांगितलं असतं तर ती त्या बाईंशी मोठ्यानं भांडायला गेली असती, म्हणून मी तिलाही काही सांगितलं नाही.

शाळा सुटल्यावर मात्र आम्ही दोघी लांबच्या रस्त्यानं चालत घरी जायचो, कधी वडाळीच्या तलावापर्यंत. वाटेत ती एकच विचारायची, "आज कशी हाय?" गप्पा नाहीत, थट्टा नाही. तिनं आमच्या नाक्यावरच्या टांगेवाल्याशी बोलून ठेवलं होतं, बडनेऱ्याच्या गाड्यांच्या वेळा पाठ केल्या होत्या. मी वैतागून म्हटलं, "तू मले भिववून राहिली वं!"

"मंग भे," ती म्हणाली. "मी बी भेऊनच राहिली."

त्या हिवाळ्यात समोरच्या मैत्रिणीच्या मुलीचं नामकरण झालं. पुऱ्या, आलूची भाजी, शिरा. तिनं आग्रह केला, तिच्या सासूनं केला, आणि खरं सांगायचं तर आग्रहाची गरजही नव्हती. इतक्या दिवसांच्या भुकेनं मी पानावर तुटून पडले. दुपारी खोलीवर येऊन आडवी झाले तेव्हा सहज हात लावला. गाठ टणक लागली.

मी दाबून पाहिली, आत जाईना. पाय पोटाशी घेऊन, श्वास सोडून पाहिलं. तोंडाला पाणी सुटायला लागलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. माय दळण आणायला गेली होती. मला ती बैलगाडी आठवली, गाडीतला कडबा आठवला, आणि मी इतक्या मोठ्यानं हाक मारली की समोरची मैत्रीण पिठाच्या हातांनी धावत आली.

ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. "वायू धरला असन. ओवा खाय जरासा. काई नाई होत वं, उगाच भेतं तू." तिच्या हातात माया होती, आणि मला ती नको होती. मी तिला शाळेतल्या मैत्रिणीकडे पिटाळलं. ती कुरकुरत गेली.

शाळेतली मैत्रीण आली ती टांगा दारात उभा करूनच. माझ्या काखेत हात घालून म्हणाली, "ऊठ." मी खाटेवरून पाय खाली सोडले, आणि पोटात गुडगुड झाली. गाठ बोटांखालून आत सरकली. "गेली आत," मी म्हटलं.

"पाह्य! मी म्हनलं नोतं? झालं का काई?" समोरची मैत्रीण हसत सुटली.

शाळेतली मैत्रीण उंबऱ्यापर्यंत गेली, भिंतीला हात टेकला आणि भडाभडा ओकली.

त्या ओकारीनं माझं ठरलं. दुसऱ्याच दिवशी मी समोरच्या मैत्रिणीला सांगितलं, उन्हाळ्यापर्यंत तुझ्या घरी मी येणार नाही, तूही काही आणायचं नाही. तिला फार लागलं. कितीतरी दिवस तिनं समोरून जाताना तोंड फिरवलं. मला ती आवडायची, अजून आवडते. पण माझी भीती घालवणारी मैत्रीण मला त्या दिवसांत परवडणारी नव्हती.

वजन किती उतरलं ते कळायला काटा हवा होता, आणि स्टेशनवरचं वजनाचं यंत्र बिघडलेलं होतं. तेव्हा शाळेतली मैत्रीणच म्हणाली, "आमच्या घरी कापसाचा काटा हाय. बाबा दुपारी नसतात." तर एका रविवारी मी तिच्या गावी गेले. अंगणात मोठा काटा टांगलेला, साखळ्यांना फळ्यांचं पारडं. अशाच काट्यांवर मायनं वेचलेल्या कापसाचं गाठोडं टाकलं जायचं आणि दर वेळी ते कमीच भरायचं, ती सांगायची. मी त्याच्यावर मांडी घालून बसले आणि दोन्ही साखळ्या घट्ट धरल्या. मैत्रीण लोखंडी मापं ठेवत, शेरांचे पौंड करत उभी होती. तेवढ्यात तिचे वडील आले.

ते फाटकात थांबले. मला पाहिलं, मुलीला पाहिलं. "कोन हाय वं हे?"

"शाळेतली मास्तरीण हाय बाबा."

विचारलं तरी मी कोणत्या समाजाची ते त्यांना गावातल्या कोणीतरी आधीच सांगितलं असावं. ते ओट्यावर जाऊन बसले आणि आमच्याकडे बघत राहिले. मी पारड्यावरून उतरले. मी मोटारीतून उतरून उन्हातून चालत आले होते, घसा कोरडा पडला होता, ओट्यावर पाण्याचा माठ होता. पाणी द्यायला कोणी उठलं नाही. ती म्हणाली, "चाल, मोटर सुटन."

मोटारीत मी खिडकीबाहेर पाहत बसले. पाण्यानं कोणी जाड होत नाही. इतके महिने ती पाठ करून बसली, ते माझ्या पोटासाठी की तिच्या सोयीसाठी? हा विचार त्या गाठीपेक्षा भयंकर होता, कारण ती गाठ निदान कापता येणार होती.

नाका जवळ आला तेव्हा ती म्हणाली, "पानी नाई देल्लं मी तुले. बाबा होते. मी भेली."

"मी भेते मराले," मी म्हटलं, "आन तू भेते बापाले."

"हो," ती म्हणाली. खोटं बोलता येत असतं तर ती तेव्हा बोलली असती. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर चालायला गेले, पण आम्ही तलावापर्यंत बोललो नाही.

उन्हाळ्याची सुटी लागली. वजन उतरलं होतं, दंडाची कातडी सैल लोंबत होती. डॉक्टरांनी सोबत घरचं माणूस आणायला सांगितलं होतं, त्यामुळं आता मायला सांगणं भाग होतं. ती भाकरी थापत होती. मी शब्द जुळवत बसले. तिनं तव्यावरून नजर न उचलता म्हटलं, "मले मालूम हाय."

"काय मालूम हाय?"

"न्हाताना पोटावर हात ठेवतं तू. तुया बाप जांघेवर असाच ठेवे."

"मंग इतके दिवस मले खाऊ काहून घालत होती?"

तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. "तो हडकुळा होता नं वं. मले वाटे, अंगावर मांस असन तं मानूस दुखन्यात टिकते." तिचा हात पिठातच राहिला, तव्यावरची भाकरी करपली. तीही माझ्याइतकीच घाबरलेली होती, आणि मी पदराआडून भाकरी गाईला घालत होते. आम्ही दोघी चुलीपुढं बसून रडलो.

अकोल्याला आम्ही तिघी गेलो, मी, माय आणि शाळेतली मैत्रीण. मे महिना, वॉर्डच्या दारांना ओले पडदे, तरी भिंती तापलेल्या. माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाई होती. मैत्रीण आत आली तशी ती बाई उठून बसली आणि तिनं मैत्रिणीला नावानं हाक मारली. तिच्याच गावची निघाली, घराला घर लागून. मैत्रिणीचा चेहरा पुन्हा तसाच पांढरा पडलेला मी पाहिला.

मला न्यायला आले तेव्हा मी फार घाबरले. धीट होते असं लिहायला आवडलं असतं. मी मायचा पदर धरला आणि नर्सनं माझी बोटं एकेक करून सोडवली. नाकावर जाळी ठेवली, गोडसर उग्र वास आला, कोणीतरी आकडे म्हणायला सांगितलं. आकडे म्हणता म्हणता मला बैलगाडीची चाकं ऐकू यायला लागली. त्यात वडील ओरडत नव्हते.

डोळे उघडले तेव्हा पोटावर जड काहीतरी होतं आणि घसा जळत होता. मी जिवंत आहे हे मला लगेच कळलं नाही. आधी मायचा आवाज आला. "नाई वं बाई, मले घास उतरत नाई." ती सकाळपासून जेवली नव्हती. खाटेच्या पायाशी जमिनीवर ती बसली होती, समोर तिचाच डबा, त्यात घरून आणलेली भाकरी आणि जवसाची चटणी. शेजारी माझी मैत्रीण. शेजारच्या खाटेवरून तिच्या गावची बाई टक लावून बघत होती. ती बाई घरी गेली की चार दिवसांत ही गोष्ट मैत्रिणीच्या वडिलांच्या ओट्यावर पोचणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मैत्रिणीनं त्या बाईकडे पाहिलं. तिनं मायच्या डब्यातली भाकरी मोडली, चटणीला लावली. "मावशी, मी खाते, मंग तुमी खा," ती म्हणाली, आणि घास तोंडात घातला.

मायनं तिच्याकडे पाहिलं. मग तिनंही डब्यात हात घातला.

तेवढ्यात मैत्रिणीला माझे डोळे उघडे दिसले. ती हसली नाही. माझ्याकडे पाठ करून बसली आणि जेवायला लागली.